पेटींतून आलेली नाव

सेवाग्राम हें गांव नदीकाठीं वसलेलें नाहीं. वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर काळ्या मातीच्या शेतांत तें पसरलेलें आहे. जवळची नदी म्हणजे पवनारची धाम, आणि तीहि उन्हाळ्यांत खडकांच्या आडून कशीबशी वाहते. अशा गांवीं गेल्या एप्रिल महिन्यांत आमच्या पडवींत एक नाव आकार घेऊं लागली, तेव्हां येणाराजाणारा थबकून पाहूं लागला यांत आश्चर्य नाहीं. आमच्या मंडळींतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं तर, "चाळीस दिवस पाऊस पडणार असें कांहीं कळलें आहे काय?" असें हंसत विचारलें. नोहाची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या प्रश्नांतील खोंच सहज कळेल.

परंतु आमच्या नावेचें कारण जलप्रलयाचें नव्हतें. तें शाळेच्या हजेरीपटावरचें होतें. नववीच्या वर्गांत ढिवर समाजांतील एक विद्यार्थी आहे. गणितांत हुशार, स्वभावानें अबोल. त्याच्या नांवापुढें आठवड्यांतून दोन दिवस तरी गैरहजेरीची खूण पडे. चौकशी करतां असें समजलें कीं, त्याचे आजोबा गांवापासून दोन-तीन कोसांवरील एका तलावावर मासेमारी करतात. त्यांचा उजवा खांदा कित्येक दिवस दुखावलेला असल्यामुळें त्यांच्यानें वल्हें मारवत नाहीं. वडील मजुरीसाठीं परगांवीं असतात. तेव्हां पहांटे डोंगा हांकण्यास नातवाशिवाय दुसरें माणूस घरांत नाहीं. दहावीपूर्वींच त्याची शाळा बंद करावी, असा विचार त्या घरीं चालला होता. 'मुलाला शाळेंत पाठवा' एवढें सांगून परत येणें सोपें होतें. पण वल्हें कोणीं मारावें, या प्रश्नाचें उत्तर त्या उपदेशांत नव्हतें.

शाळेच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं हस्तव्यवसायासाठीं थोडी रक्कम दिलेली होती. त्या रकमेंतून, घरीं जोडून तयार करावयाची व विजेच्या मोटरवर चालणारी मासेमारीची कयाक मागवावी, असें आम्हीं ठरविलें. कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाजवळच्या इन्यूट लोकांच्या भाषेंतला. वाहून आलेल्या लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचें कातडें ताणावयाचें, आणि त्या अरुंद होडींत पाय पसरून बसावयाचें, अशी त्यांची मूळ कयाक. मासेमारीसाठीं हल्लीं जी बनवितात ती अधिक रुंद व वरून उघडी असते. आमची लांबीला १२ फूट आणि रुंदीला ३२ इंच होती.

सेवाग्रामांत राहून यंत्राची नाव बांधावी काय, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यानें काढला. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर या गांवीं, म्हणजे त्या वेळच्या सेगांवीं, राहावयास आले. सेवाग्राम हें नांव पुढें १९४० सालीं पडलें. यंत्र म्हटलें कीं गांधीजींचा विरोध, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः १९२४ सालींच त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद केला होता. आणि १९३५ सालीं 'हरिजन' पत्रांत, खेड्यांत घरोघर वीज आली तर गांवकऱ्यांनीं आपलीं अवजारें तिच्यावर चालविण्यास आपली हरकत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. मात्र वीजघर गांवाच्या किंवा सरकारच्या मालकीचें असावें, अशी त्यांची अट होती. वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम चालविणारे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ, आणि लंडनला शिकलेले हिशेबनीस. त्यांच्या संघानें रॉकेलऐवजीं वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' नांवाचा कंदील प्रचारांत आणला. अवजार सुधारूंच नये असें या मंडळींचें म्हणणें नव्हतें. सुधारलेलें अवजार कारागिराच्या हातीं राहतें कीं त्यालाच कामावरून उठवितें, हें ते पाहत. दुखऱ्या खांद्यावरचा भार उतरविणारी मोटर या कसोटीस उतरेल, असें आम्हांस वाटलें. शिवाय ज्या तलावावर गुरें पाणी पितात, त्यावर तेलाचा तवंग पसरविणारें इंजिन नको होतें. वीज त्या दृष्टीनेंहि बरी.

पेटी आली ती माणसाहून लांब. उघडली तेव्हां मुलांची थोडी निराशा झाली; कारण आंत नाव नव्हती, नावेचे तुकडे होते. चार मिलिमीटर जाडीच्या जलरोधक प्लायवूडच्या यंत्रावर कापलेल्या पातळ फळ्या, त्यांच्या कडांना बारीक छिद्रें, तांब्याच्या तारेचें भेंडोळें, काचतंतूंच्या कापडाची गुंडाळी, एपॉक्सीचे दोन डबे, मोटर, तिचा दांडा व पंखा, वायरी, आणि इंग्रजी माहितीपुस्तिका. छिद्रांतून तार ओवून फळ्या एकमेकींस अक्षरशः शिवावयाच्या, सांध्यांत एपॉक्सी व लांकडाची भुकटी यांचा लगदा भरावयाचा, वर कापड चिकटवावयाचें, आणि लगदा वाळला कीं तारा कापून काढावयाच्या, अशी ही रीत आहे. इंग्लंडांत १९६३ सालीं एका वर्तमानपत्राच्या पुढाकारानें 'मिरर' नांवाची लहान शिडाची होडी याच रीतीनें निघाली, आणि सुताराचें काम न शिकलेल्या हजारों कुटुंबांनीं ती आपापल्या घरीं बांधली. नोहालाहि लांबी, रुंदी व उंची यांचीं मापें वरून मिळालीं होतीं, आणि तारवास आंतून व बाहेरून राळेचा लेप देण्याची आज्ञाहि होती. एपॉक्सी आंतून-बाहेरून फांसतांना मुलांना या साम्याची मोठी मौज वाटली. मापें मिळालीं तरी करवत नोहाच्याच हातीं होती, हेंहि त्यांच्या लक्षांत आलें.

काम सुटींतले आठ विद्यार्थी व आम्ही मिळून करीत असूं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंत हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याचा जो विचार मांडला गेला, त्याचें पुढील कार्य सेवाग्रामांत हिंदुस्थानी तालीमी संघानें केलें. त्याची धुरा वाहणारे आर्यनायकम् हे सिलोनांतील ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले. हस्तव्यवसाय म्हणजे अभ्यासाला जोडलेली करमणूक नव्हे, तर त्याच्या पोटांतूनच गणित, भाषा व शास्त्र निघावें, हा त्या विचाराचा गाभा. आमच्या पडवींत त्याची प्रचीति रोज येई. आधीं माहितीपुस्तिकेचें मराठी करावें लागलें. त्यानंतर एपॉक्सीचें प्रमाण आलें. राळ दोन भाग व घट्ट करणारें द्रव्य एक भाग, असें आमच्या संचाचें माप. एका मुलास वाटलें कीं दुसरें द्रव्य थोडें जास्त घातलें तर काम लवकर आटोपेल. पण हा रंग वाळण्याचा प्रकार नव्हे. दोन द्रव्यें ठराविक प्रमाणांत एकमेकांशीं जोडलीं जातात; एक अधिक झालें तर तें तसेंच उरतें आणि सांधा कच्चा राहतो. शिवाय हें मिश्रण घट्ट होतांना स्वतःच तापतें. विदर्भाच्या वैशाखांत पारा ४५ अंशांकडे जात असतां पेल्यांत सांठवून ठेविलेलें मिश्रण पाहतां पाहतां उकळल्यासारखें होऊन दगड बनतें. म्हणून पहांटे पांचापासून आठापर्यंत काम, मिश्रण थोडें थोडें, आणि तें पेल्यांत न ठेवतां पसरट ताटांत. जी मुलें सुटींत आठाच्या आधीं उठत नसत, तीं पांचाला दारांत उभीं राहूं लागलीं, हें त्यांच्या पालकांनीं आम्हांस आवर्जून सांगितलें.

पुढचा धडा वजनाचा. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांत झुंज येथें वर्धा नदींत नाव उलटून अकरा माणसें बुडालीं. त्यांत एकाच कुटुंबांतील व नात्यांतील माणसें होतीं. ही वार्ता आमच्या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. म्हणून पाण्यावर जाण्यापूर्वीं सगळा हिशेब फळ्यावर मांडला. नावेचें वजन २७ किलो, मोटर ९, बॅटरी १२, माणूस ५८, जाळें व मासळी २४. एकूण १३० किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें नावेनें तितक्याच वजनाचें, म्हणजे १३० लिटर, पाणी बाजूस सारलें पाहिजे. मुलांनीं चौकटीच्या कागदावर नावेचा आडवा छेद काढून घरें मोजलीं. पाण्याच्या रेषेशीं तिचें क्षेत्रफळ सुमारें १.८ चौरस मीटर निघालें. म्हणजे दर १८ किलोंस नाव एक सेंटीमीटर खालीं जाणार. पुढें तलावाच्या कांठीं माणसाऐवजीं वाळूचीं पोतीं ठेवून हें पडताळून पाहिलें, आणि ज्या रेषेपलीकडे पाणी येऊं द्यावयाचें नाहीं ती रेषा लाल रंगानें नावेवर काढली. दोन्हीं टोंकांस हवेचे बंद कप्पे आहेत. त्यामुळें नावेंत पाणी भरलें तरी ती तळास जात नाहीं. तरीहि जीवरक्षक जाकीट अंगांत असल्याशिवाय नावेंत पाऊल टाकावयाचें नाहीं, हा नियम कोणासाठींहि सैल केला नाहीं.

मोटरीचा इतिहास मुलांना विशेष आवडला. विजेची नाव ही आजकालची कल्पना नव्हे. मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञानें १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदीवर बॅटरीची नाव चालवून दाखविली. १९३४ सालीं अमेरिकेंतील फार्गो गांवच्या ओ. जी. श्मिट यानें मोटारगाडी सुरू करण्याची लहान मोटर घेऊन तिला दांडा व पंखा जोडला, आणि मासेमारीच्या होडीला लावावयाची विजेची मोटर तयार केली. आमच्या पेटींतील मोटर त्याच वंशांतली. आपल्या देशांत केरळांतील वैकम येथें जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ उतारूंची सूर्यशक्तीवरील नाव सुरू झाली. आमचें प्रमाण अर्थात् फार लहान. १२.८ व्होल्टांची व १०० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास, सव्वा युनिटाहून किंचित् अधिक वीज. मोटर पूर्ण वेगानें ३० अँपियर ओढते, म्हणजे बॅटरी तीन तासांवर थोडी पुरते. पण वेग निम्मा केला तर लागणारी शक्ति निम्मी न होतां सुमारें अष्टमांश होते. कारण पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्यानें वाढतो. हळू जाणारा दूर जातो, हें सुभाषित नसून गणित आहे, असें त्या अबोल मुलानें फळ्याजवळ उभें राहून सिद्ध केलें. त्याचा आवाज वर्गांत इतका वेळ आम्हीं प्रथमच ऐकला.

जून उजाडण्यापूर्वीं नाव तयार झाली. तलावाची मासेमारी ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तिची परवानगी घेतली आणि आजोबांस नाव पाहावयास बोलाविलें. ते बराच वेळ नावेभोंवतीं फिरले. कडेवरून डाव्या हाताचा तळवा फिरविला, बोटाच्या पेरानें तळावर टकटक करून पाहिलें. मग म्हणाले, "मास्तर, डोंगा तं देखना झाला. पन पान्याखाली बाभळीची खुंटं कोठी हायेत, थे या पेटीत आलं का?"

तें पेटींत आलें नव्हतें. धरण होण्यापूर्वीं त्या जागीं शेतें होतीं, बाभळी होत्या, एका विहिरीचा कांठ अजून पाण्याखालीं उभा आहे. मोटरीच्या पंख्यास तेथें कोठें धोका आहे, हें कोणत्याहि पुस्तिकेंत असणें शक्य नव्हतें. तें त्या म्हाताऱ्याच्या डोक्यांत होतें, आणि थोडेंबहुत त्याच्या नातवाच्या. मग एक आठवडाभर मुलांनीं दोरीला हात-हात अंतरावर गांठी मारून, टोंकास दगड बांधून, कांठापासून कांठापर्यंत खोली मोजली. आजोबा डोंग्यांत बसून डाव्या हातानें जागा दाखवीत, नातू दोरी सोडी, दुसरीं मुलें आंकडे लिहून घेत. त्यांतून तलावाच्या तळाचा नकाशा तयार झाला. तो आतां नववीच्या वर्गांत भिंतीवर आहे. वडिलांचा धंदा विचारला कीं जो मुलगा खालीं पाहत असे, त्याच्याच शब्दावरून त्या आठवड्यांत आठ जण डावीउजवीकडे वळत होते. गालीलाच्या समुद्रावर जाळीं धुणाऱ्या कोळ्यांस प्रभूनें आपले पहिले शिष्य केलें, हें आपण दर वर्षीं शाळेंत वाचतों. त्या ओळी वाचतांना यापुढें आमच्या डोळ्यांसमोर एक तलावहि उभा राहील.

आजोबांच्या सूचनेवरून नावेंत फेरबदल झाले. पंख्याभोंवतीं जाळीचें कडें बसविलें, म्हणजे शेवाळ व जाळ्याचे धागे गुंतत नाहींत. ज्या कडेवरून जाळें ओढावयाचें ती कड गुळगुळीत करून तिच्यावर रबर लावलें. जाळ्यापासून पन्नास हातांवर मोटर बंद करून उरलेलें अंतर आखूड वल्ह्यानें डाव्या हातानें तोडावयाचें, हा त्यांचा नियम. मासळी बिचकत नाहीं आणि पंखा जाळ्याजवळ जात नाहीं. वारा समोरून असेल त्या बाजूस आधीं जावयाचें, म्हणजे मोटर थांबली तरी वाराच घरीं आणतो, हाहि त्यांचाच धडा. बॅटरींत किती वीज उरली तें दाखविणारें मापक नावेंत बसविलें आहे. कारण या लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, आणि नुसत्या व्होल्टांवरून कांहीं समजत नाहीं. मापकाचे आंकडे नातवानें त्यांस समजावून दिले. त्यावर त्यांनीं आपली वांटणी ठरविली: "जायाले एक वाटा, यायाले दोन." पुस्तकांतील नावाडी याहून वेगळें सांगत नाहींत.

नाव आम्हीं त्या एका घरास दिली नाहीं. संस्थेच्या नांवावर दिली. वीजघर गांवाच्या मालकीचें असावें, या १९३५ च्या अटीचा हा लहानसा अवतार म्हणावा. ज्यांस वल्हें पेलत नाहीं असे आणखी दोन वृद्ध सभासद ती आळीपाळीनें वापरतात, आणि पुढें बॅटरी बदलावी लागेल तेव्हां लागणारी रक्कम तिघेहि बाजाराच्या दिवशीं थोडी थोडी बाजूस टाकतात. बॅटरी भरण्यासाठीं संस्थेच्या खोलीवर १०० वॅटांचा सौरपट बसविला आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं त्यावर पांचशें वॅट-तासांच्या आसपास वीज मिळते. तेवढ्यांत बेताचा एक दिवस निघतो. पावसाळी दिवसांत घरच्या विजेवर भरावी लागते.

या नावेनें सर्व कांहीं साधलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. तलावांत मासळी तितकीच आहे आणि बाजारांत भाव तोच आहे. मोठें जाळें ओढावयाचें असेल तर अजूनहि जुना डोंगा व चार हात लागतात, आणि त्या दिवशीं तो मुलगा अजूनहि गैरहजर राहतो. पण आठवड्यांतले दोन दिवस आतां महिन्यांतले दोन झाले आहेत. तो दहावीस बसणार आहे. शाळा बंद करण्याचें बोलणें त्या घरांत पुन्हां निघालें नाहीं. उलट जुलैच्या पालकसभेस आजोबा स्वतः आले आणि पहिल्या रांगेंत बसले.

पालकबंधुभगिनींस आमची एक विनंति आहे. मुलांस बाजारांतून तयार वस्तु आणून देतां तशीच एखादी तुकड्यांची पेटीहि आणून द्या. आणि ती जोडतांना मूल अडलें तर पुस्तिकेबरोबरच घरांतील आजाआजींकडे, शेजारच्या सुताराकडे, लोहाराकडे त्याला पाठवा. मुलांनो, तुम्हांस सांगावयाचें तें याहून थोडें आहे. आमच्या नावेची मोठी लांकडी पेटी आम्हीं टाकून दिलेली नाहीं. तिच्यांत फळ्या ठोकून कपाट केलें आहे, आणि करवत, रंधा, पकडी, मापपट्ट्या व उरलेली तांब्याची तार त्यांत नीट लावून ठेविली आहे. कपाट हस्तव्यवसायाच्या खोलींत आहे. किल्ली दहावीच्या वर्गांतील त्या मुलाकडे मिळते. तो आतां हजर असतो.